रिकामं पाणी कुणाचं?

मी बोईसरचा, पोटासाठी कोड लिहितो. मुंबईचे काही मित्र डिसेंबरात शिडाच्या पाच बोटी घेऊन डहाणूपर्यंत येतायत. रात्रीचा नांगर कुठे टाकायचा, ते ठरवायचं काम माझ्याकडे आहे. चार्टवर खोली कळते, तळही कळतो. भरती-ओहोटीचा हिशेब धरून सातपाटीसमोर एक जागा बरी वाटते. पण जाळी कुठे लागतात, हे चार्ट सांगत नाही. ते तांडेलालाच विचारावं लागतं.

समुद्र सगळ्यांचा, मग विचारायचं कशाला? कारण 'सगळ्यांचा' म्हणजे 'कुणाचाच नाही' असं नव्हे. आम्ही एक रात्र राहणार. जून-जुलैचे ६१ दिवस मासेमारी बंद असते, म्हणून उरलेल्या महिन्यांत त्यांना वर्षाचं पोट भरायचं असतं.

जवळच वाढवणला २०२४मध्ये मोठ्या बंदराला मंजुरी मिळाली. मच्छीमारांचा विरोध जुना आहे. पाच बोटींची बंदराशी तुलना नाही, पण प्रश्न तोच: विचारलं म्हणजे काय केलं?

'नाही' ऐकायची तयारी नसेल, तर ते विचारणं नव्हे, कळवणं. म्हणून आमच्या प्लॅनमध्ये मुक्कामाची दुसरी जागाही आहे.