विवराचे कोटेशन

भोसरी ते चाकण या पट्ट्यात कोणतीही वस्तू आधी ड्रॉइंग म्हणून येते. मोठ्या कंपनीकडून कागद येतो आणि लघुउद्योजक तो टेबलावर पसरून पाहतो. मटेरियल कोणते, टॉलरन्स किती, आपल्या मशीनवर जॉब निघेल का, आणि निघाला तर रेट काय? या चौकशीला इथे सगळे 'फिजिबिलिटी' म्हणतात. 'जमणार नाही' हे उत्तरही तिथे चालते, मात्र ते का जमणार नाही हे सांगावे लागते. वर्महोलची, म्हणजे कृमिविवराची, आज आपल्याला माहीत असलेली कल्पना नेमकी अशाच एका फिजिबिलिटीतून उभी राहिली आणि चौकशी पाठवणारा एक कादंबरीकार होता. विज्ञान आणि लोकप्रिय कल्पनारंजन यांचे नाते कसे असावे, याचा इतका स्वच्छ नमुना दुसरा सापडणे अवघड आहे.

ही कल्पना तशी जुनी. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेची समीकरणे प्रसिद्ध झाल्यावर 1916 मध्येच लुडविग फ्लॅम यांनी त्यांतल्या एका उत्तराची भूमिती मांडली. 1935 मध्ये आइन्स्टाइन आणि नेथन रोझेन यांनी अवकाशाच्या दोन पत्र्यांना जोडणारा पूल दाखवला. प्रवासाशी त्यांना काही देणेघेणे नव्हते. मूलकणांचे वर्णन करण्याची वाट ते शोधत होते. 'वर्महोल' हे नाव 1957 मध्ये जॉन व्हीलर आणि चार्ल्स मिस्नर यांच्या लेखनातून रूढ झाले. पुढे 1962 मध्ये व्हीलर आणि रॉबर्ट फुलर यांनीच दाखवून दिले की असा पूल प्रकाशाचा किरण पलीकडे पोचण्याआधीच मिटतो. तिथे विषय संपल्यासारखा झाला.

तो पुन्हा उघडला 1985 मध्ये. कार्ल सेगन यांच्या 'कॉन्टॅक्ट' कादंबरीची नायिका अभिजित ताऱ्यापर्यंत जाते. तिला न्यायचे कसे, हे त्यांनी भौतिकशास्त्रज्ञ मित्र किप थॉर्न यांना विचारले. सेगन यांच्या मसुद्यात कृष्णविवरातून प्रवास होता. त्यातून जिवंत बाहेर पडता येणार नाही, हे थॉर्न यांना लगेच दिसले. त्यांनी वर्महोल सुचवले आणि मग स्वतःच हिशेबाला बसले. त्यातून त्यांचा आणि त्यांचा विद्यार्थी मायकेल मॉरिस यांचा निबंध 1988 मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये आला. हे नियतकालिक मुख्यतः भौतिकशास्त्राच्या अध्यापनाचे, आणि विद्यार्थ्यांना सापेक्षता शिकवण्याचे साधन म्हणूनच हा निबंध लिहिलेला होता.

त्यांची रीत उलटी होती. एरवी द्रव्य दिलेले असते आणि अवकाशाला त्यामुळे कसा बाक येतो हे शोधायचे असते. मॉरिस आणि थॉर्न यांनी आकार आधी ठरवला: माणूस सुखरूप आरपार जावा, वेळ वाजवी लागावा, शरीरावर ताण पृथ्वीवरच्या गुरुत्वाइतकाच यावा. मग समीकरणांना विचारले, यासाठी मटेरियल कोणते लागेल?

आलेले कोटेशन डोळे पांढरे करणारे होते. विवराचा गळा 3 किलोमीटर त्रिज्येचा धरला, तर तो उघडा ठेवणाऱ्या द्रव्याला सुमारे 5 गुणिले 10 चा 35 वा घात पास्कल इतका ताण सोसावा लागतो. चांगले मिश्रपोलाद चौरस मिलिमीटरला हजार न्यूटनच्या आसपास ताण सोसते, म्हणजे हे द्रव्य त्याच्या पाचावर सव्वीस शून्ये इतके पट बळकट हवे. गळा अरुंद केला तर ताण आणखी वाढतो. पण खरी अडचण बळाची नाही. विवरात शिरताना एकवटणारे किरण पलीकडे पुन्हा फाकले पाहिजेत. नेहमीचे द्रव्य प्रकाश फक्त एकवटते, हे कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांच्या 1955 च्या समीकरणावरून दिसते. किरण फाकवायचे तर उणे ऊर्जेचे द्रव्य हवे. अत्यंत जवळ ठेवलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांमध्ये अशी ऊर्जा किंचित आढळते. हेंड्रिक कॅसिमीर यांनी 1948 मध्ये हा परिणाम वर्तवला होता. पण वर्महोलला लागणारा साठा आणि हा थेंब यांची तुलनाच होत नाही.

या गोष्टीला एक पुणेरी पानही आहे. पिंपरीहून फार लांब नसलेल्या गणेशखिंडीतल्या 'आयुका'चे नरेश दधीच, मॅट व्हिसर आणि सायन कर यांनी 2003 मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये दाखवले की विवराची भूमिती नीट निवडली, तर लागणारे हे विचित्र द्रव्य हवे तितके कमी करता येते. शून्य मात्र करता येत नाही. ड्रॉइंग बदलले, मटेरियलचा खर्च उतरला, फुकट काही झाले नाही. विज्ञानातली प्रगती बहुतेकदा अशीच असते आणि म्हणूनच तिची बातमी होत नाही.

लोकप्रिय संस्कृतीने या कोटेशनचे काय केले? 2014 च्या 'इंटरस्टेलर'ने ते अर्धे वाचले. थॉर्न या चित्रपटाचे कार्यकारी निर्माते होते आणि त्यांच्या समीकरणांवरूनच पडद्यावरचे वर्महोल काढले गेले. म्हणून ते भोकासारखे न दिसता गोलासारखे दिसते आणि त्यात पलीकडचे आकाश वाकलेले दिसते. त्या चित्रणावर पुढल्याच वर्षी शोधनिबंधही निघाला. पण शनीजवळ ते विवर कुणी उघडे ठेवले, हा खर्च पटकथेने भविष्यातल्या अनाम हितचिंतकांच्या खात्यावर टाकला. कथेला तेवढी उधारी माफ आहे. कथेबाहेरही ती उधारी तशीच चालू राहते, तेव्हा प्रश्न उभा राहतो.

2022 च्या नोव्हेंबरमध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. गूगलच्या क्वांटम संगणकावर नऊ क्यूबिट वापरून एका अतिशय सोप्या केलेल्या प्रतिमानाचे वर्तन तपासले होते, आणि ते वर्तन वर्महोलच्या गणिताशी जुळते असा दावा होता. अवकाशात कुठेही भोक पडले नव्हते. तरी मथळ्यांतून वर्महोल 'तयार' झाले. त्या दाव्याच्या अर्थावरही इतर भौतिकशास्त्रज्ञांनी पुढे आक्षेप घेतले. ते मथळ्यांपर्यंत पोचले नाहीत.

आपल्याकडची आवृत्ती वेगळी. ककुद्मी राजा कन्या रेवतीला घेऊन ब्रह्मलोकी जातो आणि परततो तोवर पृथ्वीवर युगे उलटलेली असतात. ही पुराणकथा हल्ली मोबाइलवरून फिरते ती 'आपल्याला वर्महोल आधीच ठाऊक होते' या शिक्क्यासह. काळ सर्वत्र एकाच गतीने वाहत नसावा, ही कल्पना सुचणे हीच मोठी गोष्ट आहे. पण त्या कथेत मटेरियल नाही, टॉलरन्स नाही आणि ती चूक ठरू शकेल अशी एकही जागा नाही. कथा म्हणून ती श्रीमंत आहे. तिला फिजिबिलिटी रिपोर्ट ठरवले की कथाही उणावते आणि विज्ञानही.

मग कल्पनारंजन दूरच ठेवावे का? जयंत नारळीकरांचे काम याचे उत्तर देते. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि ती पहिली आली. त्याच सुमारास ते आणि सहकारी श्वेतविवरांवर गंभीर संशोधनही करत होते. त्या सहकाऱ्यांत दधीचही होते. नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये नायक एका समांतर इतिहासात जाऊन येतो, पण परतल्यावर त्याच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवावा अशी अपेक्षा लेखक करत नाही. पुरावा म्हणून त्याच्याजवळ फाटलेले पान असते आणि मित्र त्याला स्पष्टीकरण देतो. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना नारळीकर सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली सही मिळेल. थोडक्यात, कल्पनेला मोकळे रान आणि तिच्या पाठोपाठ चौकशी.

एक रास्त आक्षेप येईल. ज्या पट्ट्यात चाकण चौकातून ट्रक वेळेत निघेल याची खात्री नाही आणि कंत्राटी कामगाराला पुढच्या महिन्याचा भरवसा नाही, तिथे आकाशातल्या शॉर्टकटची चर्चा कशाला? चैन म्हणून ती खरेच नको. पण या पट्ट्याची एक खोल मर्यादा तिच्यामुळे दिसते. आपण दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर उत्तम जॉब काढतो. 'हे असेच का, वेगळ्या आकारात का नाही' हा प्रश्न मात्र बहुधा दुसऱ्या देशातल्या डिझाइन ऑफिसात विचारला जातो. मॉरिस आणि थॉर्न यांनी पोरकट वाटणारा प्रश्न उचलून त्याची काटेकोर किंमत काढली. हे धाडस आणि ही शिस्त एकत्र शिकवणारे धडे आपल्या अभियांत्रिकी शिक्षणात फार थोडे आहेत. चिंचवडला ऑटो क्लस्टरजवळ 2013 पासून सायन्स पार्क आहे. तिथे येणाऱ्या मुलांना वर्महोल म्हणजे काय हे सांगणे सोपे आहे. 'तुला ते उघडे ठेवायचे असेल तर काय काय लागेल, यादी कर' हे सांगणे अधिक मोलाचे.

आणि हा प्रश्न हवेतही नाही. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहायची आहे. 2023 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने तिला सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिच्या 4 किलोमीटर लांबीच्या दोन भुजांत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक मोजावा लागेल. कृष्णविवरे म्हणून ओळखल्या गेलेल्या वस्तूंपैकी एखादी खरे तर वर्महोल असेल, तर टकरीनंतरच्या गुरुत्वीय लहरींत प्रतिध्वनी उमटावेत, असे काही शास्त्रज्ञांचे म्हणणे आहे. तसा ठोस पुरावा आजवर मिळालेला नाही. तो शोधायचा तर निर्वात नळ्यांची गळती न होणारी वेल्डिंग लागते, कंपन अडवणारी टांगणी लागते, मायक्रॉनच्याही खालचे मोजमाप लागते. ही भाषा चाकणला परकी नाही.

वर्महोल बहुधा कधीच सापडणार नाही. पण त्याच्या नकाराची किंमत आकड्यांत मांडता आली, हे सापेक्षतेच्या शिक्षणाला त्याने दिलेले खरे देणे आहे. पडद्यावर पुढचे विवर उघडेल तेव्हा टाळी वाजवावीच, आणि घरी येताना मुलाला विचारावे: मटेरियल कोणते, आणि रेट काय?