देवळालीची कोरडी हवा

मुंबईच्या दमट हवेला कंटाळलेली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या देवळाली कॅम्पला येत राहिली. कसारा घाट चढला, साडेपाचशे मीटरच्या वर आलं, की किनारा मागे पडतो. पारशी आणि गुजराती समाजांची इथली सॅनेटोरियमं कोरड्या हवेच्या भरवशावरच उभी राहिली. ती हवा फुप्फुसांना मानवते, एवढंच लोकांना ठाऊक होतं. हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांचं रूपही ती पालटते, हे मात्र फारसं बोललं जात नाही.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. तसंच काहीसं या कणांचं होतं, फक्त तिथे सीमा ठळक असते. सोडियम क्लोराइडचा शुद्ध स्फटिक सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांजवळ जाईपर्यंत घनच राहतो. त्यापुढे तो पाणी ओढून थेंब होतो. धुरातल्या गंधकापासून आणि शेतातल्या अमोनियापासून बनणाऱ्या अमोनियम सल्फेटची सीमा ८० टक्क्यांच्या आसपास आहे.

परतीची वाट मात्र वेगळी. हवा सुकू लागली तरी मिठाचा थेंब ७५ला गोठत नाही. साधारण ४५ टक्क्यांपर्यंत तो द्रवच राहतो, अमोनियम सल्फेट तर ३५पर्यंत. त्यामुळे ६० टक्के आर्द्रतेत एकाच मिठाचे दोन कण शेजारीशेजारी तरंगतात, एक घन आणि एक द्रव! पहाटेच्या ओलाव्यातून आलेला कण ओला, दुपारच्या उन्हात पुरता वाळलेला कोरडा. आजची आर्द्रता सांगून भागत नाही, कणाचा इतिहासही विचारावा लागतो.

सेंद्रिय कणांनी तर शास्त्रज्ञांनाही चकवलं. ते द्रव असतात असं सर्रास धरलं जाई. २०१०मध्ये फिनलंडच्या सूचिपर्णी अरण्यातले असे कण उपकरणाच्या पट्टीवर आपटून उसळी घेताना आढळले. ते काचेसारखे घट्ट होते. दमट हवेत तेच मऊ पडतात, आणि मग त्यांच्या आतपर्यंत रसायनं पोचतात.

याचा थेट संबंध प्रदूषणाच्या आकड्यांशी आहे. पाणी पिऊन फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो, म्हणून प्रकाशावर चालणारे स्वस्त सेन्सर दमट पहाटे धूळ वाढवून दाखवतात. गाळणीवरची धूळ तोलताना प्रयोगशाळा ती आधी ठरावीक आर्द्रतेत ठेवतात, ते याचसाठी. उलट, देवळालीच्या कोरड्या दुपारी डोंगर स्वच्छ दिसले तरी धूळ तेवढीच असू शकते. फक्त तिच्यातलं पाणी उडालेलं असतं. म्हणून सेन्सरच्या आकड्याशेजारी त्या वेळची आर्द्रताही लिहिली गेली पाहिजे, विशेषतः जिथे दम्याचे रुग्ण हवापालटासाठी येतात तिथे.