गोळी, बटण आणि वच्छगोत्ताचा प्रश्न

भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीहून साकोलीला निघालेली एखादी जुनी पेट्रोल गाडी खड्ड्यात दाणकन आपटते आणि बंद पडते. सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. टाकीत पेट्रोल असतं, बॅटरीही ठीक असते. मग जाणता मिस्त्री इनर्शिया स्विचचं बटण शोधतो.

या स्विचमध्ये शंकूच्या आकाराची वाटी, तिच्यात पोलादी गोळी आणि गोळीला धरून ठेवणारा लोहचुंबक असतो. धक्का मोठा असला की गोळी सुटते, वरच्या पट्टीवर आदळते आणि इंधनपंपाची वीज तुटते; बटण पुन्हा दाबेपर्यंत ती तुटलेलीच राहते. धक्का झाडाचा की खड्ड्याचा, हे गोळीला कळत नाही. नव्या गाड्यांत हे काम बहुधा एअरबॅगचं कंट्रोल युनिट करतं. आग मात्र दोन्ही विझवत नाहीत; फक्त तिचं खाद्य तोडतात.

मुक्त माणूस मेल्यावर कुठे जन्मतो, असं वच्छगोत्त परिव्राजकानं बुद्धांना विचारलं होतं. मज्झिम निकायात तो संवाद आहे. बुद्धांनी उलट विचारलं, समोरची आग विझली तर ती पूर्वेला गेली की पश्चिमेला? गवत-लाकूड संपलं म्हणून ती विझली, दिशेचा प्रश्नच लागू पडत नाही, हे वच्छगोत्ताला मान्य करावं लागलं. पवनीच्या प्राचीन स्तूपांच्या आणि १९५४ साली डॉ. आंबेडकरांनी पोटनिवडणूक लढवलेल्या या भंडारा जिल्ह्यात असा दाखला परका वाटू नये.

यावर वेदान्ती हरकत घेईल. ज्ञान झाल्यावरही देह का टिकतो, हे सांगताना शंकराचार्य कुंभाराच्या चाकाकडे बोट दाखवतात. हात काढला तरी मिळालेला वेग सरेपर्यंत चाक फिरतंच; तसंच प्रारब्ध, म्हणजे फळ देऊ लागलेलं आधीचं कर्म, सरेपर्यंत देह टिकतो. पुरवठा तोडला, तरी आधीच सांडलेल्या इंधनाचं काय?

१ जुलै २०२३ च्या पहाटे नागपूरहून पुण्याला जाणारी बस समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटून पेटली. २५ प्रवासी गेले. टाकीच फुटली तर कुठल्याही स्विचचा फारसा उपयोग होत नाही. पण अशा मरणांना प्रारब्ध म्हणून मोकळं होणं ही शुद्ध पळवाट आहे. वाहन, चालक, रस्ता यांची चौकशी करता येते. प्रारब्धाची कोण करणार?

बौद्ध विचारात चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. गोळीला हेतू नाही, म्हणून तिला ना पाप ना पुण्य. बटण पुन्हा दाबणाऱ्याला ही सवलत नाही. आधी गाडीखाली वाकून पाइप गळतोय का, पेट्रोलचा वास येतोय का, हे त्यालाच बघावं लागतं.