वास्तुशांती आणि गवंड्याचे ऋण



इंदूरहून खंडवा मार्गाने ओंकारेश्वराच्या दर्शनास निघाले म्हणजे घाटापूर्वी सिमरोल लागते. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या आय. आय. टी.चे विस्तीर्ण आवार आज येथे उभे आहे, आणि भोवती नव्या घरांची कामे चालू असतात. अशा कामांवर झाबुआ, अलीराजपूर, बडवानीकडील भिल्ल बंधुभगिनी येतात. घर पुरे होते, आपण वास्तुशांती करतो, ब्राह्मण-सुवासिनी तृप्त होऊन जातात. आणि ज्याने भिंत ओळंब्यात उभी केली तो तोवर दुसऱ्या गावी पाया खणीत असतो.

ज्यांच्याकडून मिळाले त्यांचा भाग त्यांना न देता जो भोगतो, त्यास भगवंतांनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. तेथे प्रसंग देवांचा आहे हे खरे. परंतु आपल्या डोक्यावर छप्पर घालणाऱ्यास तो न्याय लागू नये, असे कोणते शास्त्र सांगते? रोजची मजुरी हातावर ठेवली की ऋण फिटले, असे आपण समजतो. पण परांचीवरून पडून ज्याची कंबर मोडली, त्याच्या मुलाबाळांच्या भाकरीचे काय?

राज्यकर्त्यांनी याचा विचार केला नाही असे नाही. १९९६ साली कायदा होऊन बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक रुपया उपकर बसला. त्यातून अपघात, आजारपण, बाळंतपण, मुलांचे शिक्षण आणि साठीनंतरचे निवृत्तिवेतन यांची तरतूद व्हावयाची होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हीच व्यवस्था पुढे चालविली. परंतु २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले की, देशभरात जमा झालेल्या ३७,४०० कोटींहून अधिक रुपयांपैकी सुमारे ९,५०० कोटीच खर्ची पडले. दानपेटी भरली, प्रसाद मात्र दाराबाहेरच्यास पोचला नाही!

तथापि सगळा दोष सरकारच्या माथी मारून आपण मोकळे होऊ नये. १८ ते ६० वर्षांच्या कामगाराने मागील १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केले असेल, तर त्याची नोंदणी होते. हे ९० दिवस मोजावयाचे कोणी? तो आज सिमरोलला, उद्या महूला, परवा पीथमपूरला. मुकादमाच्या वहीत असते ते एवढेच: ‘चार बिगारी, दोन बाया’. आपण नित्य नामाचा महिमा गातो. आणि ज्याच्या श्रमाने देवघराची भिंत उभी राहिली, त्याचे नाव विचारीत नाही.

लहान घरास उपकराची सूट आहे. पण दाखला लिहून देण्यास सूट कशाला हवी? कागदावर त्याचे नाव, काम, कामाचा पहिला व शेवटचा दिवस आणि खाली आपली सही, एवढेच लागते. ठेकेदार देईल म्हणून वाट पाहू नये. तो बहुधा देत नाही. गवंड्यास शेला-नारळ देण्याची रीत चांगली आहे, ती मोडू नये. परंतु शेला वर्षभरात विरतो, आणि हा कागद त्याच्या पडत्या काळात मंडळाच्या दारी त्याची साक्ष देईल.

पुरोहितवर्गास एक नम्र विनंती. वास्तुशांतीचा मुहूर्त काढून देताना आपण यजमानास साहित्याची यादी देता. त्या यादीत समिधा, तूप, नवधान्य यांच्या खाली ‘कामगारांचे दाखले’ ही एक ओळ लिहीत जावी.