निर्विष भूमीचा सातबारा

जर्मनीच्या पश्चिम भागात ऱ्हाईन नदीला मिळणारी एम्शर नावाची एक लहानशी नदी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिच्या दोन्ही काठांवर कोळशाच्या खाणी आणि लोखंडाच्या भट्ट्या दाटीवाटीने उभ्या राहिल्या, आणि भूगर्भातला कोळसा जसजसा उपसला गेला तसतशी वरची जमीन जागोजाग खचू लागल्यामुळे सांडपाण्याचे नळ जमिनीखालून नेणे अशक्य होऊन बसले. तेव्हा 1899 साली तेथील नगरपालिका, खाणमालक आणि कारखानदार यांनी मिळून एक संघ स्थापन केला, नदीला सरळ चरात बांधून तिचेच उघडे गटार केले, आणि त्याच्या खर्चाचा वाटा ज्याने त्याने आपापल्या घाणीच्या मानाने उचलावा असा दंडक घातला. नदीची ही विटंबना क्लेशदायक खरी. परंतु कोणाची घाण किती याचा हिशेब दफ्तरी ठेवण्याची जी सवय या संघाने त्या प्रदेशाला लावली, तिचे मोल मला फार मोठे वाटते. खाणी बंद होऊन जमीन स्थिरावल्यावर 1992 पासून त्याच संघाने नदी मोकळी करण्याचे काम हाती घेतले, 51 किलोमीटर लांबीची भूमिगत वाहिनी घातली, सुमारे साडेपाच अब्ज युरो खर्च केले, आणि 2021 च्या अखेरीस एम्शरमधून सांडपाणी वाहणे बंद झाले.

विषाने नासलेली भूमी पुन्हा वापरात आणणे म्हणजे तिची माती धुणे अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. माती धुण्याचे काम अवघड असले तरी शास्त्रज्ञ आणि अभियंते यांच्या आवाक्यातले आहे. परंतु त्यानंतर त्या भूमीचे जे मोल वाढते ते कोणाच्या पदरी पडावे, हे काम सुरू होण्यापूर्वीच ठरले नसेल, तर ज्यांनी दोन-दोन, तीन-तीन पिढ्या ते विष श्वासावाटे आणि पाण्यावाटे पोटात घेतले त्यांनाच हुसकावून लावण्याचे साधन म्हणजे हे शुद्धीकरण होऊन बसते, असे माझे निश्चित मत आहे.

एम्शरच्याच प्रदेशातील ड्युसबुर्ग शहरात मायडरिख येथे लोखंडाचा एक मोठा कारखाना होता, तो 1985 साली बंद पडला. तो पाडून टाकावा असे अनेकांना वाटत असता स्थानिक नागरिकांनी त्याला विरोध केला, आणि पुढे 1989 ते 1999 या दशकात कार्ल गान्झर यांच्या नेतृत्वाखाली साऱ्या एम्शर खोऱ्याच्या पुनर्रचनेचा जो उपक्रम चालला, त्यात पेटर लाट्स या रचनाकाराने त्या जागेचे उद्यान केले. भट्ट्या जागच्या जागी राहिल्या. जिथली माती अतिशय विषारी होती तिथली ती जुन्या बंकरांत कोंडून वरून बंद करण्यात आली, आणि जिथे विष सौम्य होते तिथे राखेच्या व मळीच्या ढिगांवर आपसूक रुजलेली भूर्जाची झाडे तशीच वाढू दिली गेली. खनिज साठवण्याच्या उंच भिंतींवर आता गिर्यारोहणाचे धडे दिले जातात, वायूच्या प्रचंड टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात, आणि ओतकामाच्या खड्ड्यातून काढलेल्या 49 लोखंडी पत्र्यांनी भट्टीसमोरचा चौक फरसबंद केला आहे. वितळलेल्या धातूने त्यांवर पाडलेले खळगे व चिरा कोणी घासून काढलेल्या नाहीत. ज्या कामगाराने त्या उष्णतेपुढे आयुष्य काढले त्याला आपल्या नातवाला हाताशी धरून या चौकात उभे राहता येते, कारण ही जागा सार्वजनिक राहिली आहे, आणि या उद्यानाच्या सौंदर्याहून मला ही गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते.

मात्र उद्यानाने पोट भरत नाही. 1957 च्या सुमारास, एम्शर ज्यातून वाहते त्या रुर प्रदेशातील खाणींत पावणेपाच लाखांच्या आसपास माणसे कामाला होती. शेवटची खाण 2018 च्या डिसेंबरात बंद झाली, आणि गेल्सेनकिर्खेनसारखे शहर आजही जर्मनीतील सर्वाधिक बेकारीच्या शहरांत मोडते. जुन्या कंपन्यांनी आपल्या ताब्यातील जमिनी नव्या उद्योगांना मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे अडवून धरल्या होत्या, हे या बेकारीचे एक कारण. म्हणूनच 1979 साली या प्रदेशाच्या प्रश्नांवर भरलेल्या परिषदेनंतर राज्य सरकारने स्वतंत्र निधी उभारून अशा ओसाड, नासलेल्या जमिनी खरेदी करण्याचा मार्ग धरला. सरकारने खरेदीखत करून घेतल्यावाचून त्या जमिनींकडे दुसरे कोणी वळले असते असे वाटत नाही.

डोर्टमुंड शहरातील ह्यॉर्ड या कामगारवस्तीची हकीकत अधिक विचारात पाडणारी आहे. तेथील फिनिक्स पोलाद कारखाना 2001 साली थंडावला, आणि चीनहून आलेल्या कामगारांनी तो खिळ्याखिळ्याने सुटा करून जहाजांतून आपल्या देशी नेला. मागे उरलेल्या खाचरात 2010 पासून पाणी भरले गेले आणि 24 हेक्टरांचे सुरेख सरोवर झाले. पोलाद शुद्ध करण्याचे एक अजस्र भांडे स्मारक म्हणून काठाशी ठेवले आहे, आणि इतकी वर्षे कारखान्याखालून नळातून वाहणारी एम्शर त्याच्या कडेने उघडी वाहते. परंतु या सरोवराच्या काठी जी घरे बांधली गेली ती धनवंतांची. धूर खाल्ला तो एकाने आणि पाण्यावरचा वारा दुसऱ्याने, आणि हे ज्या देशात घडले तिथला कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा किती तरी पुढे गेलेला आहे.

तो कायदा 1998 चा. जमीन निर्विष करण्याची जबाबदारी ज्याने ती नासवली त्याच्यावर, त्याच्या कायदेशीर वारसावर आणि सध्याच्या मालकावरही आहे, हे त्यात आहेच. पण त्याच्या पंचविसाव्या कलमात असे सांगितले आहे की सार्वजनिक पैशाने जमीन शुद्ध झाल्यामुळे तिचे मोल वाढले आणि मालकाने तो खर्च पुरता सोसलेला नसेल, तर त्या वाढीची भरपाई, झालेल्या सरकारी खर्चाच्या मर्यादेत, मालकाने सरकारला द्यावी, आणि ती देईपर्यंत ती रक्कम त्या मिळकतीवर बोजा म्हणून राहावी. आपल्या सातबाऱ्यावर पतपेढीच्या कर्जाचा बोजा चढतो, कुळाचा हक्क नोंदला जातो, विहिरीतला हिस्सा आणि वाटेची वहिवाटही नोंदली जाते. त्याच ‘इतर हक्क’ सदरात भूमीतल्या विषाची आणि शेजारच्या वस्तीच्या हक्काची नोंद होण्यास तत्त्वतः कोणती हरकत आहे, हे मला समजत नाही. जर्मन कायद्यातही उणीव ही की भरपाई खजिन्यात जाते, ह्यॉर्डच्या भाडेकरूपर्यंत ती पोहोचत नाही.

आपला अनुभव मुंबईच्या गिरणगावाचा आहे. तिथल्या जमिनीचे दुखणे विषाचे कमी आणि मालकीचे अधिक होते, तरी धडा तोच आहे. 1991 च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक भाग महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक गृहनिर्माणासाठी आणि एक मालकाला असा वाटा ठरला होता. 2001 च्या दुरुस्तीने हा वाटा केवळ मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरता उरला, आणि 2006 साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती ग्राह्य धरली. नियमातल्या एका शब्दाच्या फेरफाराने कामगारांची घरे आणि लोकांची मैदाने किती आक्रसली हे लालबाग-परळच्या रस्त्याने चालणाऱ्याला आजही दिसते.

वायुगळती झालेल्या भोपाळच्या कारखान्यात साठून राहिलेला 337 टन विषारी कचरा 2025 च्या जानेवारीत पिथमपूरला हलवून पुढच्या काही महिन्यांत जाळण्यात आला, आणि त्याच वर्षी केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम जारी करून अशी स्थळे हुडकण्याची आणि जबाबदार व्यक्तीकडून खर्च वसूल करण्याची तजवीज केली, याचा मला मनापासून आनंद आहे. कारखान्याच्या आवारातली माती आणि भोवतालचे भूजल यांचा प्रश्न अद्याप उभाच आहे. तथापि त्या जमिनीचा ताबा 1998 पासून मध्य प्रदेश सरकारकडे असल्यामुळे खाजगी मालकाची अडचण तिथे नाही. शहराच्या पोटातली ती जागा ज्या दिवशी निर्विष ठरेल त्या दिवशी तिच्या किमतीकडे अनेकांचे डोळे लागतील. म्हणून मातीत पहिले यंत्र शिरण्यापूर्वी सरकारने ठराव करून ती जमीन अविभाज्य सार्वजनिक मिळकत म्हणून राखून ठेवावी, तिच्या उत्पन्नातला ठरीव हिस्सा भोवतीच्या वस्त्यांच्या दवाखान्यास, पाणीपुरवठ्यास आणि तरुणांच्या रोजगारास बांधून द्यावा, आणि तिच्या कारभारावर त्या वस्त्यांतले रहिवासी बहुमताने बसवावेत.