अर्ज केला तर पाप लागेल का?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या तेव्हाच्या धर्मग्रामात एक वयस्क गृहस्थ रोज सकाळच्या मिस्साला येत. एके दिवशी मिस्सा आटोपल्यावर ते सॅक्रिस्टीच्या दाराशी घुटमळले आणि हळूच म्हणाले, "फादर, मुलाविरुद्ध प्रांतांकडे अर्ज केला तर पाप लागेल का?" पत्नी वारल्यावर त्यांनी घर आणि वाडी बक्षीसपत्राने मुलाच्या नावे करून दिली होती. आता त्यांची खाट मागच्या पडवीत होती. मधुमेहाच्या गोळ्या संपल्या की आठवडा-आठवडा नव्या येत नसत. शेजारी देतील ते जेवण.

आम्ही त्यांना म्हणालो, "बाबा, क्षमा करा. प्रार्थना करा. घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला नेता?" त्यांनी मान डोलावली. पुन्हा तो विषय त्यांनी कधी काढला नाही. आता ते हयात नाहीत. तो सल्ला चुकीचा होता, हे आज आम्हांला तुमच्यासमोर सांगायचे आहे.

कुठे चुकलो? क्षमा आणि हक्क या दोन गोष्टींची आम्ही गल्लत केली. मुलाबद्दलचा राग त्यांनी मनातून काढून टाकावा, हे सांगणे आमचे काम होते. पण गोळ्यांवरचा आणि भाकरीवरचा हक्क सोडून द्या, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला होता? गंमत म्हणजे, सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस वाचला होता. आईवडिलांची सेवा तो न्यायाच्या पोटात घालतो, ती एक देणे आहे असे मानतो. आणि लगेच जमिनीवर येऊन सांगतो की बाप आजारी असेल तर त्याच्या उपचाराचे पाहावे, गरीब असेल तर त्याला पोसावे. परीक्षेत हे लिहून आम्ही गुण मिळवले होते. सॅक्रिस्टीच्या दाराशी मात्र आठवले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६५ साली, प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या आदेशपत्रात, हेच बजावले : जे न्यायाने द्यायचेच आहे, ते दानधर्म म्हणून देऊ नये. मुलगा बापाला जेवू घालतो तेव्हा उपकार करत नाही, उधारी फेडतो.

देशाचा कायदाही हेच मानतो. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम' २००७ साली झाला आणि महाराष्ट्रात २००९ पासून लागू आहे. चरितार्थ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार. जबाबदारी मुलग्याची तशीच मुलीचीही, आणि सज्ञान नातवंडांचीसुद्धा. ज्यांना मूलबाळ नाही, त्यांची इस्टेट ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसाने मिळणार आहे, त्या नातेवाइकावर ती येते. अर्ज प्रांत अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. स्वतः करता येत नसेल तर दुसऱ्या कोणाला अधिकार देता येतो. वकील लावलाच पाहिजे असे नाही. मूळ अधिनियमात दरमहा १०,००० रुपयांपर्यंतची मर्यादा घातलेली आहे. सांभाळायला घेतलेल्या वृद्धाला कायमचे टाकून देण्यासाठी कुठे सोडून येणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

कोणी म्हणेल, फादर, अशाने घर तुटेल. ही भीती खोटी नाही. पण कायद्यात सुनावणीआधी प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवण्याची सोय आहे. त्याने महिन्याभरात गोडीने मिटवण्याचा प्रयत्न करायचा असतो. मत्तयच्या शुभवर्तमानात प्रभू येशूने सांगितलेला क्रम आठवा. आधी एकट्याने समजावणे, मग साक्षीदार घेऊन, आणि शेवटी मंडळीसमोर. पहिल्या पायरीवरच तोंड दाबून बसणे त्यात नाही. शिवाय, बाप गप्प राहिला म्हणून मुलगा काही सुधारत नाही. त्याचे पाप तेवढे चालू राहते.

सक्तीने दिलेल्या पैशात प्रेम कुठे असते, असेही विचारले जाते. नसेल. पण साखर उतरवणारी गोळी ती कोणत्या भावनेने विकत घेतली हे विचारत नाही. प्रेम उशिरा आले तरी चालते, जेवण उशिरा चालत नाही. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभूचा राग कोणावर आहे? आईवडिलांच्या वाट्याचे 'कुर्बान' म्हणजे देवाला वाहिले, असे म्हणून हात झटकणाऱ्यांवर. म्हणजे देवळाला दिलेली देणगीदेखील त्या देण्यातून सूट मिळवून देत नाही. (आमच्या फायनान्स कमिटीला हे वाक्य आवडणार नाही!)

एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. कायदा मुलाचे नाव घेतो; पण रात्री उठून सासऱ्याचे अंथरूण बदलते ती सून. तिचे नाव त्यात नाही. आपणही तिला 'सेवाभावी' म्हणून मोकळे होतो. मुलाने पैसे दिले म्हणजे त्याचे कर्तव्य संपले आणि उरलेले सगळे तिचे, अशी वाटणी कोणी केली?

आता घरे-वाड्या नावावर करणाऱ्यांसाठी. मरेपर्यंत सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहून घ्या. अशी अट असेल आणि ती पाळली नाही, तर अधिनियमाच्या कलम २३ खाली ते पत्र रद्द करून घेता येते. अट नसेल तर अवघड होते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२च्या निकालाने दिसले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र त्याच न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईने मुलाला दिलेले बक्षीसपत्र रद्द ठरवले. तिथे सांभाळाचे वचन मुलाने लिहून दिलेले होते. अट घालणे म्हणजे मुलावर अविश्वास, असे वाटून संकोचू नका. लग्नाच्या रजिस्टरवरही आपण दोन साक्षीदारांच्या सह्या घेतोच.

अर्जाचा नमुना पॅरिश ऑफिसमध्ये ठेवला आहे. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी बुधवारी संध्याकाळी यावे, आम्ही लिहून देऊ. मुलाला बोलावून घ्यायचे असेल तर आधी तेही करू. बोलणे ऑफिसमध्ये दार लावून होईल, सॅक्रिस्टीच्या दाराशी नाही.