हाडाचा वाफसा

पाऊस पडला म्हणून शेतकरी लगेच तिफण धरत नाही. रान चिखलात असेल तर बी कुजते, फार सुकले तर उगवत नाही. या दोन्हींच्या मधल्या मोजक्या दिवसांना वाफसा म्हणतात. तो पंचांगात सापडत नाही, माती मुठीत घेऊन पाहावा लागतो. दुभंगलेल्या जबड्यात अडकू पाहणाऱ्या सुळ्याविषयी सांगायचे, तर मला हाच शब्द सर्वांत जवळचा वाटतो.

साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एक मूल दुभंगलेला ओठ किंवा टाळू घेऊन येते. ओठ पहिल्या काही महिन्यांत शिवतात, टाळू वर्ष-दीड वर्षाच्या सुमारास. चेहरा सावरतो आणि घरच्यांना वाटते, सुटलो. पण पुष्कळ मुलांत वरच्या हिरडीतले हाडही दुभंगलेले असते. टाके घातल्याने कातडी आणि स्नायू जुळतात, हाडातली फट मात्र राहते. त्या फटीच्या कडेलाच, जबड्यात उंचावर, पक्का सुळा घडत असतो.

सुळ्याचा प्रवास कोणत्याही मुलात लांबच. नाकाच्या बाजूला उंच तयार होऊन तो अकराव्या-बाराव्या वर्षी हिरडीबाहेर येतो. उतरताना शेजारच्या दाताच्या मुळाच्या कडेने तो वाट काढतो. म्हणून अक्कलदाढांच्या खालोखाल अडकणारा दात हाच. दुभंग असलेल्या मुलात तो शेजारचा दात अनेकदा नसतोच, किंवा खुरटलेला असतो. वाट दाखवणारा नाही आणि पायाखाली जमीनही नाही, अशी त्या सुळ्याची अवस्था होते.

इथे दात आणि हाड यांचे नाते समजून घ्यायला हवे. हिरडीतले हाड दातासाठीच असते. दात गेले की ते झिजत जाते. आजीच्या तोंडाचे बोळके होते ते नुसते दात पडल्याने नव्हे, त्यांच्यामागोमाग हाडही ओसरल्याने. उलट बाजूने पाहिले, तर दाताला उतरण्यासाठी हाडच लागते. पुढचे हाड विरघळते, मागे नवे भरते आणि दात खाली सरकतो. दाताला हाड हवे आणि हाडाला दात. एकाला सोडून दुसऱ्यावर उपचार करू गेले, तर दोन्ही हातचे जातात.

म्हणून आधी फट भरतात. कमरेच्या हाडातला मऊ, जाळीदार भाग काढून तो जबड्याच्या दुभंगात बसवतात. १९७२ साली अमेरिकेत बॉइन आणि सँड्स यांनी ही पद्धत मांडली. पुढे नॉर्वेतल्या ऑस्लो इथल्या पथकाने १९८०च्या दशकात मोठ्या संख्येच्या रुग्णांवरून तिचा भरवसा दाखवून दिला. हाड बसवण्याआधी, जबड्याचे तुकडे आत झुकलेले असतील तर तारेच्या उपकरणाने ते हळूहळू रुंदावतात. फटीत जादा दात असेल तर तो काढून हिरडी भरू देतात. पेरणीआधीची ही मशागत.

आणि मग वाफसा. फार लवकर हाड भरले तर वाढत्या जबड्याला शस्त्रक्रियेचा धक्का बसतो आणि चेहऱ्याचा मधला भाग मागे राहू शकतो. उशीर झाला तर सुळा फटीतच उतरतो. त्याच्या मुळाला एका बाजूने हाडाचा आधार नसतो, आणि उघड्या पडलेल्या मुळावर नंतर बसवलेले हाड नीट धरत नाही. योग्य वेळ या दोहोंमध्ये असते, सुळ्याचे मूळ अर्धे ते दोन-तृतीयांश तयार झालेले असताना. बहुतेक मुलांत हे वय नऊ ते अकरा असते. पण वाढदिवसावर विसंबून चालत नाही, एक्स-रेमध्ये मूळ पाहावे लागते.

वेळ साधली की बरेचसे काम सुळाच करतो. नव्या हाडातून तो आपल्या बळावर खाली येतो आणि येताना त्या हाडाला जागे ठेवतो. कमरेतून आणलेला तुकडा त्याच्यामुळे जबड्याचा होतो.

काही मुलांत सुळा तरीही अडतो. तेव्हा हिरडी थोडी उघडून दातावर छोटे बटण चिकटवतात, त्याला बारीक साखळी लावतात आणि ब्रेसेसच्या आधाराने तो खाली ओढतात. ओढ अगदी हलकी असते. महिन्याला जेमतेम मिलिमीटरभर सरकला तरी पुरे, कारण हाडाला विरघळायला आणि पुन्हा भरायला सवड द्यावी लागते. इथे घाई केली तर दाताचे मूळच झिजते.

आपल्याकडे अजूनही ग्रहणात आईने काही चिरले म्हणून बाळाचा ओठ फाटला, असे म्हणतात. ते खरे नाही. त्या आईवर हा बोल लावू नका. तिला सांगायचेच असेल तर एवढे सांगा: ओठ शिवून काम संपलेले नाही. मूल सात-आठ वर्षांचे झाले की त्याला जबड्याच्या एक्स-रेसाठी न्या. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि हा दोष त्या यादीत आहे. शाळेत पथक आले की तुमच्या मुलाचा दुभंग त्यांना आवर्जून दाखवा आणि सुळ्याचे विचारा. हुकलेला वाफसा शेतकऱ्याला पुढच्या वर्षी मिळतो. मुलाच्या जबड्यात तो एकदाच येतो.